रॉकेट पडलं तर उत्तर कोण देणार? रॉकेटच्या मालिका आणि जमिनीवरची माणसं

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली भाषा बहुतेक तशीच ठेवली आहे.)

इयरफोन लावलेत ना? मग सुरू करू या.

आजचा विषय आहे रॉकेटच्या मालिका. पण लेझरच्या बंदुका आणि हिरवे परग्रहवासी असलेल्या नाहीत. हाडामांसाची, पगारावर जगणारी, बँकेचे हप्ते भरणारी माणसं रॉकेट बनवायला निघतात, अशा मालिका. काही ठिकाणी ही माणसं निव्वळ हौशी आहेत, काही ठिकाणी छोटा कारखाना चालवणारी, तर काही ठिकाणी सरकारी नोकरीतली.

अशी मालिका खरी वाटते की खोटी, हे ओळखण्याची माझी एक साधी पद्धत आहे. रॉकेट उडतं तेव्हा मी फार लक्ष देत नाही. धूर, आवाज, काउंटडाउन हे आता कुणीही कॉम्प्युटरवर करून देतो. मी बघतो ते जमिनीवर काय चाललंय ते. आणि तीन प्रश्न विचारतो. पैसा कुणाचा लागलाय? बिघाड नेमका कशामुळे झाला? आणि रॉकेट पडलं, तर समोर येऊन उत्तर कोण देणार? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या मालिकेत मिळतात ती माझ्यासाठी खरी. मग त्यातलं रॉकेट पुठ्ठ्याचं असलं तरी चालेल.

आज पाच मालिका घेतल्यात. थोडे स्पॉयलर येतील, आधीच सांगून ठेवतो.

पहिली सगळ्यात जुनी, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात गोड. १९७९ च्या जानेवारीत अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 'सॅल्व्हेज वन' सुरू झाली. हिरो कोण? भंगारवाला! हॅरी ब्रॉडरिक नावाचा. हे काम अँडी ग्रिफिथ या तिकडच्या फार लाडक्या नटाने केलंय. हॅरीचं डोकं असं चालतं: अपोलोच्या मोहिमा चंद्रावर एवढं सामान टाकून आल्या, ते तिथे पडून आहे, ते आणलं तर केवढ्याला विकलं जाईल? झालं. एक माजी अंतराळवीर आणि एक इंधनतज्ज्ञ बाई, दोघांना हाताशी धरून तो आपल्या भंगाराच्या आवारातच यान बांधायला घेतो. यानाचं नाव व्हल्चर, म्हणजे गिधाड. त्याचं अंग पेट्रोलच्या टँकरचं, आणि माणसं बसायची जागा सिमेंट मिक्सरच्या ड्रमची!

हसू नका. म्हणजे हसा, पण पुढचं ऐका. या मालिकेला विज्ञान सल्लागार म्हणून चक्क आयझॅक असिमोव्ह होते. त्यामुळे लेखकांना ठाऊक होतं की खरी अडचण सिमेंट मिक्सरची नाहीच. अडचण इंधनाची आहे.

ती कशी, ते एका उदाहरणाने बघू. अपोलोला चंद्राकडे नेणारं सॅटर्न पाच हे रॉकेट ११० मीटर उंच होतं आणि उडताना त्याचं वजन जवळपास तीन हजार टन होतं. त्यातलं परत काय आलं? तीन माणसांचा साधारण पाच टनांचा एक डबा. बाकी बहुतेक सगळं इंधन होतं, आणि ते इंधन उचलायला लागणारं आणखी इंधन. रॉकेटचा हिशोब असा निर्दय असतो. घरून डबा न्यायचाय म्हणून ट्रक काढायचा, आणि ट्रकला लागणारं डिझेल न्यायला मागून दहा टँकर, असा प्रकार. म्हणून मालिकेने एक काल्पनिक, अतिशय ताकदवान इंधन शोधून काढलं आणि अडचणीला बगल दिली.

खऱ्या हौशी मंडळींना अशी बगल देता येत नाही. हौशी गटाने बनवलेलं पहिलं रॉकेट अंतराळाच्या सीमेपार गेलं ते १७ मे २००४ ला. नाव 'गोफास्ट', जागा नेवाडातलं ब्लॅक रॉक वाळवंट, उंची सुमारे ११६ किलोमीटर. म्हणजे टीव्हीवरचा भंगारवाला चंद्रावर जाऊन आला त्यानंतर २५ वर्षांनी खरं हौशी रॉकेट अंतराळाला नुसतं शिवून खाली आलं. विद्यार्थ्यांच्या गटाला हे जमायला त्यापुढे आणखी १५ वर्षं लागली. २०१९ च्या एप्रिलमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पोरांनी ते करून दाखवलं.

आणि शिवून येणं वेगळं, वर राहणं वेगळं. चेंडू वर फेकला की तो वर जातो आणि खाली येतो, तसं हे शिवून येणं. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर आडवा वेग हवा, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर. गोफास्टचा वेग होता ताशी साडेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे पाचपट वेग हवा. पण वेग पाचपट झाला की ऊर्जा पाचाच्या वर्गाने वाढते, पंचवीसपट. चंद्राची बात तर त्याच्याही पुढची.

तरी 'सॅल्व्हेज वन' मला आवडते. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर ती पहिल्याच भागात देऊन टाकते. पैसा हॅरीचा, नफा-तोटा हॅरीचा. देशाची शान, मानवजातीचं भविष्य वगैरे भाषण नाही. धंदा आहे साहेब!

आता दुसरी. इथे मात्र वातावरण गंभीर होतं.

'स्ट्रेंज एंजल'. २०१८ आणि २०१९ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर तिचे दोन सीझन आले आणि मग ती बंद झाली. गोष्ट जॅक पार्सन्सची. हा माणूस खराखुरा होऊन गेला. कॉलेजची डिग्री नाही, पण स्फोटकांचं आणि रसायनांचं जबरदस्त वेड. शाळेपासूनचा दोस्त एड फोरमन त्याच्यासोबत. दोघं पॅसाडेनातल्या कॅलटेक या संस्थेच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथे फ्रँक मॅलिना नावाचा विद्यार्थी त्यांना भेटला, आणि थिओडोर फॉन कार्मान नावाच्या मोठ्या प्राध्यापकांनी त्यांना आसरा दिला. त्या काळात रॉकेट हा शब्द उच्चारला तरी शास्त्रज्ञ हसायचे, बरं का.

३१ ऑक्टोबर १९३६ ला या टोळक्याने आरोयो सेको नावाच्या कोरड्या ओढ्यात पहिली चाचणी घेतली. झालं काय? ऑक्सिजनची नळी पेटली आणि जमिनीवर सापासारखी वळवळायला लागली. सगळे पळाले. पुढे कॅम्पसमध्ये असे इतके उद्योग झाले की लोक त्यांना 'सुसाइड स्क्वॉड' म्हणायला लागले. आणि आज नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी, मंगळावर गाड्या पाठवणारी ती जेपीएल, आपला जन्म त्याच दिवसापासून मोजते. पहिली चाचणी फसली तो दिवस!

मालिकेत हे सगळं आहे, आणि सोबत पार्सन्सचं गूढ पंथांचं वेडही आहे. तेही खरंच होतं. पण मालिका त्या गूढ पंथाकडेच जास्त ओढली जाते. मॅलिना तर त्याच्या नावाने येतच नाही, त्याच्या जागी दुसऱ्या नावाचं एक पात्र आहे. इथे माझी तक्रार आहे. आकडे मांडणारा, चाचण्यांच्या नोंदी ठेवणारा, भांडण झाल्यावर गट एकत्र ठेवणारा तो मॅलिना होता. पण कॅमेऱ्याला वेडा प्रतिभावंत लागतो. वहीत नोंदी करणारा माणूस कॅमेऱ्यासमोर कंटाळवाणा दिसतो. आणि मग बघणाऱ्या पोरांना वाटतं, रॉकेट म्हणजे वेड अधिक स्फोट. वही दिसतच नाही.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. पार्सन्सचा शेवट असा झाला: १७ जून १९५२, घरातल्या प्रयोगशाळेत स्फोट. वय ३७. जगातल्या सगळ्यात अनुभवी लोकांपैकी एक, आयुष्यभर हेच काम केलेला माणूस. म्हणून माझं ऐकणाऱ्या प्रत्येक दोस्ताला कळकळीने सांगतो, यूट्यूब बघून स्वयंपाकघरात रॉकेटचं इंधन बनवायला जाऊ नका. फटाक्यांतली दारू काढून नळीत ठासू नका. स्पुटनिकनंतर १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतली पोरं हेच करत होती. बोटं गेली, डोळे गेले. त्यातूनच तिथे कारखान्यात बनलेली तयार मोटर वापरायची, रॉकेटमध्ये धातूचे भाग टाळायचे, लांब उभं राहून विजेने पेटवायचं असे नियम आले. ज्याला आज मॉडेल रॉकेट्री म्हणतात, ती हौस या नियमांवर उभी राहिली आहे.

काहीतरी करून बघायचंच असेल तर दोन रस्ते सांगतो. एक, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीचं पाण्याचं रॉकेट. थोडं पाणी, सायकलचा पंप, मोकळं मैदान, आणि पंप मारताना बाटलीपासून लांब, डोळ्यांवर चष्मा. कुणीतरी मोठं माणूस सोबत. दोन, ओपनरॉकेट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात रॉकेट काढायचं, पंख बदलायचे, वजन पुढेमागे करायचं आणि ते सरळ जातंय की गटांगळ्या खातंय ते बघायचं. आणि वहीत लिहायचं. त्या वहीला विसरू नका.

आता येऊ या आजच्या मुख्य मालिकेकडे. 'डाउनटाउन रॉकेट', जपानी नाव 'शितामाची रॉकेट'. शितामाची म्हणजे शहरातली कामगार-कारागिरांची जुनी वस्ती. इकेइदो जुन या लेखकाची ही कादंबरी, तिला २०११ मध्ये नाओकी पुरस्कार मिळाला. टीबीएस वाहिनीवर २०१५ मध्ये तिची मालिका आली, मुख्य भूमिकेत हिरोशी आबे. मी ती सबटायटल लावून पाहिली.

नायक त्सुकुदा. आधी अंतराळ संस्थेत रॉकेटच्या इंजिनावर काम करायचा. त्याचं इंजिन असलेलं उड्डाण फसलं. वडील वारले, म्हणून तो घरी परतला आणि वडिलांचा कारखाना चालवायला लागला. टोकियोतला ओता हा भाग, खरोखरचा आहे तो. लेथ मशीन, छोटे गाळे, एका गल्लीत दहा कारखाने. तिथे त्याची माणसं छोटी इंजिनं बनवतात. पण त्सुकुदाच्या डोक्यातलं रॉकेट गेलेलं नाही. कारखान्याच्या कमाईतून पैसे काढून तो रॉकेटच्या इंजिनाच्या व्हॉल्व्हवर संशोधन करत राहतो आणि त्याचं पेटंटही घेतो.

आणि मग संकटं एकामागून एक. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ऑर्डर बंद करतं. एक मोठी कंपनी पेटंटवरून खोटा खटला टाकते. हेतू सरळ आहे, हा कोर्टाच्या खर्चानेच बुडेल आणि मग स्वस्तात विकत घेता येईल. बँक कर्ज नाकारते. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी छोटा धंदा आहे त्यांना हे भाग बघताना पोटात गोळा येईल. ऑर्डर बंद झाल्यावर पुढच्या महिन्याचा पगार कुठून काढायचा, हा प्रश्न भोसरीत असो की ओतात, सारखाच असतो.

मग गोष्ट पालटते. स्वतःचं रॉकेट बनवणाऱ्या एका अवाढव्य कंपनीच्या लक्षात येतं की आपल्याला हवा असलेला व्हॉल्व्ह या टीचभर कारखान्याने आधीच पेटंट करून ठेवलाय. ते म्हणतात, पेटंट विका, दोन अब्ज येन घ्या. किंवा वापरायचा परवाना द्या, दरवर्षी घरबसल्या पैसे घ्या. त्सुकुदा म्हणतो, नाही. व्हॉल्व्ह आम्हीच बनवून देणार.

इथे कुठल्याही साध्या मालिकेत संगीत वाजलं असतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. इथे उलटं होतं. कारखान्यातली तरुण पोरं भडकतात. त्यांचं म्हणणं: साहेब, स्वप्न तुमचं आहे. आम्ही घाम गाळून जे कमावतो त्यातून तुम्ही रॉकेटचा नाद भागवता. आयते पैसे येत होते, बोनस मिळाला असता, ते तुम्ही नाकारलेत. आणि उद्या तुमचा व्हॉल्व्ह फसला, तर नुकसानभरपाई कोण देणार? आम्हीच ना?

मंडळी, ही पोरं चूक आहेत का? मालिका पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी त्सुकुदाच्या बाजूने होतो. आता मला वाटतं, पोरांचा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. आणि मालिकेचं मोठेपण हे की तीही त्यांना खलनायक ठरवत नाही. त्सुकुदाला त्यांना उत्तर द्यावंच लागतं. भाषणाने काम भागत नाही. ते हळूहळू पटतं, आणि तेही पूर्ण नाही. मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला येतात आणि या पोरांच्या कामाला हिणवतात, तेव्हा पोरं जिद्दीला पेटतात. कारण आता प्रश्न साहेबांच्या स्वप्नाचा राहिलेला नाही, स्वतःच्या हातांचा आहे. पण एक जण तरीही रागातच राहतो, आणि चाचणीसाठी जाणाऱ्या मालात मुद्दाम सदोष भाग घालतो. त्याला मालिका कसं वागवते ते सांगत नाही, तुम्हीच बघा.

आता व्हॉल्व्ह या वस्तूबद्दल दोन शब्द, कारण कुणी म्हणेल, एका व्हॉल्व्हवर एवढं रामायण? नळाची तोटी म्हणजेसुद्धा व्हॉल्व्हच. पण इथे त्या तोटीतून जातं द्रवरूप हायड्रोजन, उणे २५३ अंशांना. इतक्या थंडीत धातू आकसतो, सील कडक होतं, साधं वंगण गोठून जातं. आणि काही मीटरवर तेच हायड्रोजन हजारो अंशांना जळत असतं. तोटी क्षणभर उशिरा उघडली किंवा धुळीचा एखादा कण तिच्यात अडकला, की इंजिन बंद, किंवा स्फोट. जपानच्या खऱ्या इतिहासात १९९९ मध्ये एच-टू रॉकेट असंच एका भागापायी पडलं होतं. हायड्रोजन पंपाचं फिरणारं पातं तुटलं होतं. नक्की काय तुटलं हे कळावं म्हणून त्यांनी समुद्रात सुमारे तीन हजार मीटर खोलवरून ते इंजिन शोधून बाहेर काढलं. तुटलेला तुकडा हातात घेऊन बघितल्याशिवाय पुढचं रॉकेट उडवायचं नाही, ही वृत्ती. मालिकेतले कारागीर ज्या मातीतले आहेत ती ही.

आणि हो, असे कारखाने आपल्याकडेही आहेत. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर माहीत असेल. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारं गाव. तिथल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजने इस्रोच्या रॉकेटसाठी घन इंधनाच्या मोटरींची पोलादी आवरणं बनवली. मुंबईत विक्रोळीला, जिथली कपाटं आपल्या आजीच्या घरी असायची त्या गोदरेजमध्ये, इस्रोच्या विकास इंजिनाचं आणि क्रायोजेनिक इंजिनाचं काम होतं. उसाचं चिपाड आणि रॉकेट एकाच गावच्या हातांतून जातं! या वेल्डरची, या फिटरची मालिका मराठीत अजून कुणी का केली नाही? कुणी ऐकत असेल तर विषय फुकट देतोय, घ्या.

चौथी मालिका थोडक्यात, कारण तिचा एकच भाग मला तुम्हाला दाखवायचाय. 'फ्रॉम द अर्थ टू द मून', एचबीओ, १९९८, बारा भाग, मागे टॉम हँक्स. अपोलो मोहिमेची गोष्ट. हे हौशी लोक नाहीत, पण यातला पाचवा भाग, 'स्पायडर', कुठल्याही हौशी माणसाने वहीशेजारी ठेवावा असा आहे. चंद्रावर उतरणारं यान बनवणाऱ्या ग्रमन कंपनीच्या इंजिनिअरांची गोष्ट आहे ती. त्यांचा सगळा झगडा वजनाशी. खिडक्या मोठ्या? काच जड होते, लहान करा. बसायच्या खुर्च्या? काढून टाका, अंतराळवीर उभे राहतील. हे खरं घडलेलं आहे. चंद्रावर उतरलेली माणसं उभ्यानेच उतरली.

त्या भागात एक तरुण इंजिनिअर साहेबाकडे येतो आणि सांगतो, माझ्या गणितात चूक झाली आहे. बरंच काम पुन्हा करावं लागणार आहे. अंगावर काटा येतो त्या क्षणी. साहेब म्हणजे टॉम केली, खरा माणूस. तो त्याला हाकलत नाही. कारण त्याला कळतं की चूक सांगणारा माणूस आज हाकलला, तर उद्या चूक कुणीच सांगणार नाही, आणि मग ती चूक थेट चंद्रावर जाऊन सापडेल. माझा तिसरा प्रश्न आठवतोय ना, उत्तर कोण देणार? इथे उत्तर रॉकेट पडायच्या आधीच दिलं जातं. यापेक्षा चांगलं काय?

आणि पाचवी आपली, 'रॉकेट बॉईज'. सोनी लिव्हवर, पहिला सीझन फेब्रुवारी २०२२, दुसरा मार्च २०२३. जिम सर्भ होमी भाभा, इश्वाक सिंग विक्रम साराभाई. तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिली असेल, त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. थुंबाचं चर्च, समुद्रकिनारा, २१ नोव्हेंबर १९६३ चं ते नायके-अपाचे रॉकेटचं उड्डाण हे सगळं सुंदर घेतलंय. खरोखरही सामान सायकलवरून नेलं जायचं. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या जगप्रसिद्ध छायाचित्रकाराने १९६६ मध्ये तो फोटो काढून ठेवलाय.

मालिकेत एक पात्र आहे, भाभांचा विरोधक मेहदी रझा. ते काल्पनिक आहे. खऱ्या आयुष्यात भाभांचे मतभेद होते ते मेघनाद साहांसारख्या शास्त्रज्ञाशी, आणि खऱ्या नावाऐवजी असा काल्पनिक विरोधक उभा केला म्हणून मालिकेवर टीकाही झाली. मला ती टीका पटते. खऱ्या लोकांचे खरे वाद जास्त रंगतदार होते.

दुसरं म्हणजे मालिका दोन-तीन चेहऱ्यांभोवतीच फिरते. थुंबाची जागा शोधण्यात साराभाईंच्या सोबत होते कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. नासात प्रशिक्षण घेऊन आलेल्या पहिल्या तुकडीतल्या तरुणांमध्ये होते प्रमोद काळे. साराभाईंच्या बोलावण्यावरून इंग्लंड सोडून थुंबाला येऊन घन इंधनाचं काम उभं करणारे वसंत गोवारीकर. ही माणसं मोठ्या गोष्टीत मागे राहतात. 'स्ट्रेंज एंजल'मधल्या मॅलिनासारखीच. वही सांभाळणारी माणसं.

आणि 'रॉकेट बॉईज' १९७४ ला, पोखरणच्या चाचणीपाशी थांबते. म्हणून आपली सगळ्यात चांगली रॉकेटकथा तिच्यात येतच नाही. ती मी सांगतो.

साल १९७९. तेच, ज्या साली टीव्हीवर भंगारवाला चंद्रावर गेला. १० ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ उडालं. आपलं स्वतःचं, उपग्रह कक्षेत सोडू शकेल असं पहिलं रॉकेट. उंची २२ मीटर, वजन १७ टन, आणि हे सगळं फक्त ४० किलो वर नेण्यासाठी. प्रकल्पप्रमुख होते एपीजे अब्दुल कलाम. पहिला टप्पा ठीक झाला. दुसऱ्यात रॉकेट भरकटलं. ३१७ सेकंदांत बंगालच्या उपसागरात. कारण? एक व्हॉल्व्ह. नियंत्रण यंत्रणेतला एक व्हॉल्व्ह नीट बंद झाला नाही आणि त्यातलं ॲसिड गळून गेलं. ओताच्या कारखान्यात ज्या एका वस्तूवरून भांडण चाललं होतं, तीच वस्तू.

आता माझे तीन प्रश्न लावून बघा. पैसा कुणाचा? आपल्या आई-आजोबांचा, एका गरीब देशाचा. त्सुकुदाच्या पोरांनी विचारला तोच प्रश्न तेव्हा या देशात विचारला जात होता: खायला नाही आणि रॉकेट कशाला? बिघाड कशामुळे? व्हॉल्व्हमुळे. आणि उत्तर कोण देणार?

कलामांनी ही आठवण पुढे कितीतरी वेळा सांगितली. पत्रकार बाहेर थांबले होते. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन कलामांना घेऊन गेले आणि स्वतः पुढे झाले. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली, आणि माझ्या सहकाऱ्यांवर माझा विश्वास आहे, पुढच्या खेपेला हे जमेल, असं सांगितलं. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८० ला, एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. पत्रकार पुन्हा जमले. या वेळी धवन मागे राहिले आणि कलामांना म्हणाले, आज तुम्ही बोला.

बस. एवढीच गोष्ट. यात स्फोटाचं दृश्य दाखवायचीही गरज नाही. दोन दारं, दोन पत्रकार परिषदा, आणि कोण पुढे जातं, कोण मागे राहतं ते.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे रॉकेट उडवायचंय? बरोबर आहे. पण तुमच्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या त्सुकुदाकडे नोकरीला लागणार आहात. स्टार्टअप असेल, कॉलेजची टीम असेल, नाटकाचा ग्रुप असेल. कुणीतरी मोठं स्वप्न दाखवेल आणि म्हणेल, रात्रभर बसा, पगाराचं नंतर बघू. तेव्हा हे तीन प्रश्न खिशात असू द्या. कुणाच्या पैशावर? बिघाड शोधायची तयारी आहे की नुसती घोषणाबाजी? आणि पडलं तर तुम्ही पुढे व्हाल की मला पुढे ढकलाल? ज्याच्याकडे याची नीट उत्तरं असतील त्याच्यासोबत खुशाल रात्री जागवा. आणि उद्या तुम्हीच त्सुकुदा झालात, तर पोरांनी हे प्रश्न विचारल्यावर चिडू नका.

कुठून सुरुवात करायची विचाराल तर क्रम असा लावा. आधी 'स्पायडर' हा एकच भाग. मग 'डाउनटाउन रॉकेट'चा २०१५ चा पहिला अर्धा, कारण दुसऱ्या अर्ध्यात गोष्ट हृदयाच्या झडपेकडे वळते. तीही छान आहे, पण ती वेगळी. मग 'रॉकेट बॉईज' पुन्हा एकदा, या वेळी मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघत. 'स्ट्रेंज एंजल' मोठ्यांसाठी आहे, घरच्यांसोबत लावू नका, पंचाईत होईल. आणि 'सॅल्व्हेज वन' कुठे मिळाली तर रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर.

कमेंटमध्ये मला एकच सांगा. त्सुकुदाच्या जागी तुम्ही असता तर पेटंट विकलं असतं का? आणि त्या पोरांच्या जागी असता तर? दोन्ही उत्तरं लिहा, एक नको. पुढच्या भागात निवडक उत्तरं वाचू.

तोवर, काळजी घ्या, पाण्याच्या रॉकेटपासून लांब उभे राहा, आणि वही ठेवा. भेटू या!